पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका, आणि पावसाळ्यातल्या आणखी काही चुका

पावसाळ्यात गॅरेजला टो होऊन येणाऱ्या गाड्यांपैकी कित्येक गाड्या पाण्याने बंद पडतात, पण इंजिन फुटतं ते त्यानंतर मारलेल्या सेल्फने. दर जुलैत हेच.

इंजिनाला हवा लागते आणि ती ओढणाऱ्या नळीचं तोंड बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागे, हेडलाइटच्या आसपास असतं. शेजारून गेलेल्या बसची लाट तिथवर आरामात पोचते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरात वर आला की कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. हळू चालणारी गाडी नुसती बंद पडली असेल, तर रॉड शाबूत असण्याची बरीच शक्यता असते. ‘एकदा बघू लागतेय का’ म्हणून सेल्फ मारला, की ती शक्यता गेली आणि काही हजारांचं काम लाखावर गेलं.

बंद पडली, तर इग्निशन ऑफ करा, न्यूट्रलमध्ये टाका आणि ढकलून कोरड्यावर आणा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. फिल्टरचा कागद ओला असेल तर पुढे काहीच करायचं नाही, टो बोलवायचा. धक्का स्टार्ट तर नकोच, त्यानेही रॉड तसाच वाकतो. मेकॅनिक पेट्रोल गाडीचे प्लग किंवा डिझेलचे इंजेक्टर काढतो, इंजिन फिरवून पाणी बाहेर टाकतो आणि ऑइल बदलतो. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी खालपर्यंत गेलंय असं समजा. साध्या सर्वंकष विम्यात हे नुकसान सहसा मिळत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं आणि ते पाऊस सुरू होण्याआधीच घ्यायचं असतं.

मुळात पाण्यात घालायची किती? साचलेलं पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल, तर थांबा. त्याच्या आत असेल, तर एसी बंद, पहिला गिअर, चालण्याच्या वेगाने, अ‍ॅक्सिलरेटर न सोडता आणि मध्ये गिअर न बदलता पलीकडे जा. समोरची गाडी बाहेर पडल्याशिवाय आपली घालू नका. ती मध्येच अडली, तर आपल्यालाही पाण्यातच थांबावं लागतं. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळवून घ्या.

वाहत्या पाण्याला हा हिशोब लागू नाही. साधारण 30 सेंटिमीटर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते, 60 सेंटिमीटर वाहतं पाणी जीपसारखी गाडीही वाहून नेतं. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी जात असताना ‘आत्ताच एक ट्रक गेला की’ म्हणणारे लोक मला कळतच नाहीत. ट्रकचं वजन आणि त्याची उंची तुमच्या हॅचबॅकला उसनी मिळत नाही. शिवाय पाण्याखाली रस्ता आहे, हे कशावरून? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह इतर वाहनं पुरात गेली. तो मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल होता. गावच्या फरशीचा भराव आतून पोखरलाय का, हे काठावरून कुणालाच सांगता येणार नाही. कोकणातल्या ओढ्यांचं पाणी चढतं तसं उतरतंही. दोन तास थांबा, नाहीतर मागे फिरा.

दुसरी जीवघेणी चूक म्हणजे पाणी चढत असताना काचा लावून आत बसून राहणं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत काही जण बंद गाड्यांतच गुदमरून दगावले. वायरिंग भिजलं की पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक दगा देतात, आणि बाहेरचं पाणी दार दाबून धरतं. म्हणून पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं की लगेच काच खाली घ्या, बेल्ट सोडा, मुलांना आधी काढा आणि बाहेर पडा. काच अडकली, तर टोकदार हातोडीने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. पुढची काच दोन थरांची असते, तिच्यावर ताकद घालवू नका. हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी हवी. डिकीतली हातोडी काय कामाची?

बाकीचं थोडक्यात. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. तुम्ही वळताय की उभे आहात, हे मागच्याला कळत नाही. दिवसाही लो बीम लावा, कारण नुसत्या डीआरएलवर, म्हणजे दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्यांवर, बऱ्याच गाड्यांचे मागचे दिवे लागत नाहीत. काच आतून धुरकटली तर फडका फिरवत बसू नका. एसी चालू, हवा काचेवर आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद, एवढ्याने ती लवकर साफ होते. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे, पण पावसाळ्यासाठी मी 3 च्या खाली टायर ठेवू देत नाही. वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगून स्टिअरिंग हलकं लागलं, तर ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा.

घाट उतरताना न्यूट्रल नको. आंबोली असो की ताम्हिणी, धबधब्याच्या फोटोसाठी डोंगराच्या कडेला गाडी लावू नका. वरून बारीक खडे गळायला लागले किंवा स्वच्छ वाहणारं पाणी अचानक मातकट झालं, तर दरड सुटते आहे असंच धरा आणि तिथून निघा.