टर्मिनलमध्ये वेबपान कसं वाचावं: लिंक्सची ओळख

एसएसएचने (दूरच्या संगणकावर कमांड चालवायची सोय) दूरच्या सर्व्हरवर शिरलोय, तिथे ना माउस ना खिडक्या, आणि एक मदतपान वाचायचंय. अशा वेळी लिंक्स हा फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर कामी येतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली सुरू झालेला हा गडी अजून कामावर आहे.

उबंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर टर्मिनल (कमांड टाइप करायचा पडदा) उघडून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिंक्स’ ही कमांड द्या. मॅकवर होमब्रू (प्रोग्रॅम बसवून देणारं साधन) असेल तर ‘ब्र्यू इन्स्टॉल लिंक्स’. कमांड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. स्पेलिंग मात्र जपा: एल-वाय-एन-एक्स. आय-के वापरून लिहिलेला ‘लिंक्स’ हा वेगळाच ब्राउझर आहे आणि त्याची बटणंही वेगळी.

आता लिंक्स, एक स्पेस आणि साइटचा पत्ता लिहून एंटर दाबा. मराठी विकिपीडियापासून सुरुवात करा, तिथे मजकूर भरपूर. खालच्या ओळीत कुकीबद्दल (साइट तुमच्याकडे ठेवते ती छोटी नोंद) विचारणा आली तर नेहमीसाठी होकार द्यायला ए, कायमचा नकार द्यायला व्ही.

वर-खाली बाण दाबले की एका लिंकवरून दुसरीवर उडी बसते. उजवा बाण लिंक उघडतो, डावा मागच्या पानावर नेतो. स्पेसने पान पुढे सरकतं, बीने मागे. पहिले एक-दोन पडदे नुसत्या मेनूचे निघतात. वैतागू नका, स्पेस दाबत राहा. पानात शब्द शोधायला तिरकी रेघ, नवा पत्ता द्यायला लहान जी.

इथे नवखा हमखास अडतो. जी दाबला तरी पत्ता विचारलाच जात नाही! कारण कर्सर शोधाच्या चौकटीत असतो आणि तुमचा जी मुकाट्याने तिथे टाइप होतो. खालचा बाण दाबून चौकटीबाहेर या, मग जी दाबा.

मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर ओ दाबून पर्यायांच्या पानावर जा आणि डिस्प्ले कॅरेक्टर सेट (अक्षरं दाखवायची पद्धत) यूटीएफ-८ करा. तरीही काही टर्मिनलांत जोडाक्षरं फुटतात, ‘महाराष्ट्र’चा ‘महाराष्‌ट्‌र’ होतो. तो दोष टर्मिनलचा. दुसरं टर्मिनल वापरून पाहा.

मला सर्वांत आवडतो तो डम्प पर्याय. लिंक्सपुढे ‘-डम्प -नोलिस्ट’ आणि पत्ता दिला की ब्राउझर न उघडता पानाचा साधा मजकूर टर्मिनलमध्ये ओतला जातो. शेवटी ‘>’ आणि फाइलचं नाव जोडलं तर तो फाइलमध्ये जातो. लांबलचक लेख प्रवासात वाचायला मी असेच साठवतो.

जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपान चालतंबोलतं करणारी भाषा, लिंक्सला कळत नाही. त्यामुळे बँक, तिकीट-बुकिंग वगैरेंच्या वाटेला जाऊच नका. बाहेर पडायला क्यू, ‘नक्की ना?’ हा प्रश्न नको असेल तर कॅपिटल क्यू.