कंपनीला सायबर पॉलिसीचा सल्ला द्यायचाय? आधी घड्याळ बघा

सल्लागार म्हणून कुठल्याही संस्थेत गेलात की पहिल्याच मीटिंगला ऐकायला मिळतं, आम्हाला एक सायबर सिक्युरिटी पॉलिसी बनवून द्या. लगेच लिहायला बसू नका. नेटवरून उचललेला चाळीस पानांचा टेम्प्लेट नाव बदलून देणारे खूप आहेत, ऑडिटला तो दाखवताही येतो, पण रात्री दोनला सर्व्हर लॉक झाला की तो कुणी उघडत नाही.

पहिले काही दिवस नुसतं विचारत फिरा. एचआर, अकाउंट्स, कस्टमर केअर, सगळ्यांकडे जाऊन बसा आणि विचारा की तुमच्याकडे लोकांची कुठली माहिती येते, ती कुठे ठेवता, कुणाला पाठवता, कधी डिलीट करता. आयटीवाल्यांचा कागद एक सांगतो आणि कुणाच्या तरी मेलमध्ये पडलेली एक्सेल शीट भलतंच सांगते, आणि माहिती फुटते ती बहुतेक वेळा अशा शीटमधूनच. ही यादी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, खरंच.

मग कुठले कायदे लागू होतात ते बघा. ऑफिस कुठे आहे एवढ्यावर ते ठरत नाही, ग्राहक कुठले आहेत आणि धंदा कुठला आहे त्यावरही ठरतं. युरोपातल्या लोकांना सेवा विकत असाल तर कंपनी जगात कुठेही असो, 25 मे 2018 पासून जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू आहे. युरोपातल्या बँका, विमा कंपन्या यांना 17 जानेवारी 2025 पासून त्याच्या जोडीला डोरा, म्हणजे वित्तीय संस्थांच्या डिजिटल सुरक्षेचा युरोपीय कायदा, पण आहे. भारताच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही बाहेरून भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्यांना धरलंय.

आता खरा मुद्दा, रिपोर्टिंगची मुदत. घटना घडल्यावर कुणाला किती वेळात कळवायचं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. जीडीपीआरमध्ये 72 तास. युरोपच्याच एनआयएस 2 मध्ये, म्हणजे महत्त्वाच्या सेवा देणाऱ्या संस्थांच्या सायबर सुरक्षेच्या नियमात, 24 तासांत पहिला इशारा, 72 तासांत सविस्तर माहिती आणि मग महिन्याभरात अंतिम रिपोर्ट. भारतात सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार फक्त 6 तास. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना एसईसी या तिथल्या बाजार नियामकाच्या नियमाने कामकाजाचे 4 दिवस, पण ते घटना गुंतवणूकदारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे असं कंपनीने ठरवल्यापासून मोजायचे. युरोपात आणि भारतात मात्र घटना लक्षात आल्यापासून. म्हणजे एकाच हल्ल्यात एका कंपनीची चार घड्याळं वेगवेगळ्या क्षणी सुरू होऊ शकतात, आणि "लक्षात आलं" म्हणजे नक्की कुणाच्या लक्षात आलं, हेल्पडेस्कवरच्या मुलाच्या की सीईओच्या, हे आधी कुणीच ठरवलेलं नसतं.

म्हणून एक पानाचा तक्ता करा. कुठला नियम, मुदत किती, कधीपासून मोजायची, कळवणार कोण, तो रजेवर असेल तर कोण, मजकुराचा मसुदा कुठे ठेवलाय. सगळ्यात कडक मुदत धरून अंतर्गत वेळ ठरवा, 6 तासांचा नियम लागू असेल तर आतली बातमी तासाभरात जबाबदार माणसापर्यंत पोचलीच पाहिजे. नियमाच्या अर्थावरून शंका आली तर वकिलाला विचारा, अंदाजाने उत्तर देऊ नका.

व्हेंडरचे करार काढून वाचा, कंटाळा आला तरी. 2013 मध्ये अमेरिकेच्या टार्गेट या दुकानांची साखळी चालवणाऱ्या कंपनीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, चोर आत शिरले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या व्हेंडरचं लॉगिन वापरून. करारात व्हेंडरने तुम्हाला किती तासांत कळवायचं हे लिहिलेलं हवं, आणि ते तुमच्या मुदतीपेक्षा बरंच कमी हवं.

पासवर्डचं थोडक्यात. दर महिन्याला बदलायची सक्ती काढून टाका, एनआयएसटी या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 मध्येच हे सांगितलंय. त्याऐवजी टू फॅक्टर (पासवर्डसोबत ओटीपीसारखा दुसरा पुरावा) सगळीकडे लावा, आणि जुनी, विसरलेली खाती शोधून बंद करा, 2021 मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकेतल्या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीत हल्लेखोर अशाच एका वापरात नसलेल्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडण्याच्या) खात्यातून घुसले होते आणि त्याला टू फॅक्टर नव्हतं.

बॅकअप आहे असं सगळेच सांगतात. तुम्ही म्हणा, समोर रिस्टोअर करून दाखवा. निदान एक कॉपी नेटवर्कपासून तोडलेली हवी. 2017 च्या नोटपेट्या या डेटा नष्ट करणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर, म्हणजे कुणाला नेटवर्कमध्ये प्रवेश द्यायचा ते ठरवणारे सर्व्हर, पुसले गेले, वाचला तो घानामधला एकच, तोही तिथली वीज गेलेली होती म्हणून. एवढी मोठी कंपनी योगायोगाने उभी राहिली हो! तुमच्या क्लायंटला योगायोगावर सोडू नका.

संचालकांसमोर बोलताना टेक्निकल भाषा बाजूला ठेवा. काम किती दिवस बंद राहील, दंड किती लागू शकतो (जीडीपीआरमध्ये 2 कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 4 टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत), कुणाच्या माहितीला धोका आहे, एवढं सरळ सांगा. त्यांनी एखादी शिफारस नाकारली तर चालेल, तो त्यांचा अधिकार आहे, पण हा धोका आम्ही स्वीकारतोय असं नावानिशी लिहून घ्या. सही मागितली की बऱ्याचदा बजेट पुन्हा चर्चेला येतं.

आणि वर्षातून एकदा तरी ड्रिल घ्या, सुट्टीच्या दिवशी आणि न सांगता. मेल आणि चॅट बंद आहेत असं धरूनच घ्या, म्हणजे फोन नंबरांची यादी कागदावर कुणाकडे आहे ते लगेच कळतं. जे अडलं ते त्याच आठवड्यात तक्त्यात दुरुस्त करा आणि नवीन प्रिंट काढून जुनी फाडून टाका.