टिक फीव्हर पुन्हा पुन्हा का होतो? या चुका टाळा

"आमचा कुत्रा घरातच असतो हो, त्याला कुठून टिक फीव्हर होणार?" जनावरांच्या डॉक्टरांनी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. टिक फीव्हर म्हणजे गोचिडीमुळे होणारा आजार, आणि समज असा, की गोचीड म्हणजे रान, गवत आणि गुरं. काही जातींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण शहरातल्या कुत्र्यांना सर्वांत जास्त छळते ती तपकिरी गोचीड, आणि तिला रानाची गरजच नाही. तिचा सगळा संसार एका कुत्र्यावर आणि चार भिंतींत पार पडतो.

ही गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते: अळी असताना, मग पिल्लू असताना, मग मोठी झाल्यावर. प्रत्येक वेळी पोट भरलं की कुत्र्यावरून खाली उतरते आणि लपते. पुढच्या अवस्थेत गेली की पुन्हा चढते. मादी शेवटचं रक्त पिऊन फुगते, भिंतीच्या भेगेत शिरते, हजारो अंडी घालते आणि मरते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. उरलेल्या पलंगाच्या सांध्यात, पडद्याच्या घडीत, दाराच्या चौकटीमागे आणि कुत्र्याच्या गादीखाली असतात. ही जात वर चढणारी आहे, त्यामुळे फक्त फरशी पुसून भागत नाही. उबदार घरात दोन-तीन महिन्यांत एक फेरी पूर्ण होते, आणि मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने वाट पाहू शकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणूनच ही: कुत्र्याला औषध द्यायचं आणि घराकडे पाहायचंच नाही. भेगा बुजवा, कानाकोपऱ्यांत व्हॅक्यूम फिरवा आणि त्यातला कचरा लगेच बांधून घराबाहेर टाका. गादीची खोळ कडक गरम पाण्यात धुवा. फवारणी केली तर काही आठवड्यांनी पुन्हा करा, कारण अंडी पहिल्या फवारणीला सहसा दाद देत नाहीत. घरात दोन कुत्री असतील तर दोघांनाही औषध हवं, "हा तर स्वच्छ आहे" असं दिसलं तरी.

गोचीड काढताना रॉकेल, तेल, पेटती काडी असले प्रयोग नकोत. चिडलेली गोचीड पोटातलं कुत्र्याच्या अंगात ओकू शकते, म्हणजे नको तेच होतं. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरा, सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका. तोंडाचा तुकडा आत राहिला तर घाबरायचं कारण नाही, कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. शोधताना कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि पट्ट्याखाली पाहा. पट्टा काढून पाहायचं लोक हमखास विसरतात.

"गोळी दिली तरी गोचीड दिसली, म्हणजे औषध नकली" हाही घाईचा निष्कर्ष. चघळायच्या गोळीचं औषध रक्तात असतं, त्यामुळे गोचीड चावल्यावरच मरते, तेही काही तासांनी. टिक फीव्हर घडवणारा एर्लिकिया नावाचा जंतू मात्र चावल्यापासून काही तासांतच कुत्र्यात जाऊ शकतो. ज्या घरात गोचिडींचा सुळसुळाट आहे तिथे त्यांना चावण्याआधीच दूर ठेवणारी कॉलर किंवा मानेवर टाकायचं औषध लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. ते औषध केसांवर ओतून उपयोग नाही, केस बाजूला करून कातडीवर टाकावं लागतं. आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध आणूच नका, मांजरासाठी ते विष आहे. कुत्र्याला झटके येत असतील तर गोळी घेण्याआधी तसं सांगा.

आता तापाकडे वळू. नाक कोरडं की ओलं यावरून ताप कळत नाही, थर्मामीटर लावावा लागतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन त्याला देऊ नका. आणि ताप आपोआप उतरला म्हणून हुश्श करू नका. एर्लिकियाची खोड अशी, की पहिला ताप ओसरतो, कुत्रा जेवायला-खेळायला लागतो, आणि जंतू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं अंगात दबा धरून राहतो. मग एक दिवस नाकाचा घोळणा फुटतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. लघवी चहासारखी किंवा लालसर दिसली तर बॅबेसिया या गोचिडीतून येणाऱ्या दुसऱ्या जंतूचा संशय घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टिक फीव्हर हे एका रोगाचं नाव नाही, इथेच बरीच गल्लत होते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण बॅबेसियाला त्या एकट्याने आवर बसत नाही. बॅबेसियाच्या जंतूंतही मोठ्या आकाराच्या जातीवर इमिडोकार्बचं इंजेक्शन काम करतं, तर लहान आकाराच्या बॅबेसिया गिब्सोनीसाठी बहुधा अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन जोडीने द्यावं लागतं. शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी आपल्या कुत्र्याला का चालत नाही, ते यातून कळेल. त्यात एकाच गोचिडीकडून दोन रोग एकदम येऊ शकतात.

तपासणीचा अर्थ लावतानाही फसायला होतं. झटपट किट बहुधा अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं, पाहतं. आजाराच्या पहिल्या दिवसांत त्या तयारच झालेल्या नसतात, म्हणून निगेटिव्ह आलं तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावं लागतं. उलट बरा झालेला कुत्रा कित्येक महिने पॉझिटिव्ह दिसतो. तेवढ्यावरून औषधाचा दुसरा कोर्स सुरू करू नका. जंतू आत्ता आहे का, हे जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणी जास्त नेमकं सांगते. प्लेटलेट फार कमी आल्या तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की मशीन कमीच मोजतं.

डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालतं. कुत्रा दोन-तीन दिवसांतच टुणटुणीत होतो, आणि तिथेच बरेच जण गोळ्या थांबवतात. गोळी कोरडी घशात ढकलू नका, अन्ननलिकेला जखम होते. खाण्याबरोबर द्या, वर पाणी पाजा. कोर्स पूर्ण झाला तरी या आजाराविरुद्ध टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही. नवी गोचीड, नवा आजार.

 

हे आजार पसरायच्या दोन वाटा सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. हेपॅटोझून या आणखी एका जंतूची लागण गोचीड चावून नाही, कुत्र्याने ती गिळली की होते. म्हणून काढलेली गोचीड खाली टाकून देऊ नका. आणि बॅबेसिया गिब्सोनी कुत्र्यांच्या भांडणातल्या चाव्यातून आणि दिलेल्या रक्तातूनही जातो. तुमचा कुत्रा कुणाला रक्त देणार असेल, तर त्याची तपासणी आधी करून घ्या, मग तो कितीही धडधाकट दिसो.