जुन्या वास्तूत समकालीन कलेचं संग्रहालय करताय? या चुका टाळा

जुनी वास्तू ताब्यात आली की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आधी भिंती पांढऱ्याशुभ्र करून टाकू." घोळाला सुरुवात इथूनच होते.

चुन्यात बांधलेली जाड भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि तोंडावरून हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की ही वाट बंद. ओल आत कोंडते, क्षार गिलाव्यामागे साचतात, भिंतीला लोणा लागतो. एका जुन्या गोदामात हेच झालं होतं. उद्घाटनाची तारीख आधीच जाहीर झालेली, म्हणून ठेकेदाराने ओलसर भिंतीवरच पुट्टी ओढली. पहिल्याच पावसाळ्यात कमरेपर्यंत पोपडे सुटले. मला बोलावलं तेव्हा कागदावरचं एक चित्र उतरवून पाहिलं, तर चौकटीची मागची फळी बुरशीने काळी पडलेली. सिमेंट खरवडलं तसे जुन्या विटांचे पापुद्रेही त्याच्यासोबत निघाले. आता त्या विटा कुठून आणणार?

मी आधी पन्हळी, गटारं आणि जोत्याला टेकलेली माती बघतो. पाणी तिथेच अडवायचं, मग चुन्याचा गिलावा करायचा, आणि एक अख्खा पावसाळा भिंत तशीच सोडायची. या शेवटच्या अटीवर सगळ्यांचे चेहरे पडतात. पडू देत.

पांढरी भिंत हवीच असेल तर मूळ भिंतीपासून हातभर अंतर ठेवून वेगळी उभी करा, मागे हवा खेळती ठेवा. पॅरिसच्या बूर्स द कोमर्स या जुन्या बाजार-इमारतीत जपानी वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी घुमटाखाली ९ मीटर उंच काँक्रीटची गोल भिंत जुन्या भिंतींपासून सुटी उभी केली. २०२१ मध्ये ते संग्रहालय उघडलं.

दुसरी चूक म्हणजे दालनं मोजायची आणि वाट मोजायची नाही. शिल्प दालनात मावतं, पण दारातून, वळणाच्या जिन्यावरून आत येत नाही. मग कुणीतरी हळूच सुचवतं, "कमान थोडी फोडली तर?" असं विचारणाऱ्याच्या हातात मी टेप देतो आणि रस्त्यापासून दालनापर्यंतची सगळ्यात अरुंद जागा शोधायला पाठवतो. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने आपल्या इमारतीतल्या जुन्या वीजकेंद्राचा टर्बाइन हॉल तुकडे न करता अखंड ठेवला, म्हणूनच २००० साली शिल्पकार लुईझ बुर्ज्वाचं ९ मीटरहून उंच, आठ पायांच्या कोळी-कीटकाचं शिल्प तिथे उभं राहू शकलं.

वरच्या मजल्याच्या लाकडी तक्तपोशीवर (फळ्यांच्या जमिनीवर) वजनदार कलाकृती ठेवण्याआधी तुळयांची टोकं भिंतीत कुजली आहेत का ते अभियंत्याकडून तपासून घ्या. मधला भाग ठणठणीत दिसतो, त्यावर जाऊ नका.

उंच खिडक्यांतून येणारं ऊन सुंदर दिसतं, कागदावरच्या चित्रांना मात्र ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको.

एसी रात्री बंद करून वीज वाचवू नका. रोजच्या चढउताराने लाकूड आणि कॅनव्हास दोन्ही ताणले जातात.

आणि वायर टाकायला मूळ नक्षीत खाच मारणारा इलेक्ट्रिशियन दिसला तर काम तिथल्या तिथे थांबवा. वायर पाइपातून, उघडी जाऊ द्या.