कामरूपी पात्र घडवताना: काय बदलत नाही ते आधी ठरवा

अद्भुतरम्य कादंबरीसाठी रूप बदलणारे पात्र घडवायला बसलेला लेखक बहुधा पहिली यादी करतो ती पात्राला घेता येणाऱ्या रूपांची: लांडगा, गरुड, साप, शत्रूचा सेनापती. ही यादी तूर्त बाजूला ठेवावी. कथेला खरी उपयोगी पडते ती दुसरी, बरीच आखूड यादी, म्हणजे रूप बदलले तरी जे बदलत नाही त्याची. जखम, वजन, आवाज, आठवण, वय, भूक यांपैकी काय कायम राहते हे ठरले की पात्राच्या मर्यादा आणि त्याची भीती दिसू लागते. ते ठरले नाही, तर पात्र प्रत्येक संकटातून माशी होऊन निसटू शकते, आणि हे लेखकाच्या आधी वाचकाच्या लक्षात येते.

महाभारतातल्या नलोपाख्यानात याचा उत्तम नमुना सापडतो. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचे रूप घेऊन दमयंतीच्या स्वयंवराला येतात आणि तिच्यासमोर एकसारखे पाच नळ उभे राहतात. तिने कळवळून विनवल्यावर देव आपली लक्षणे प्रकट करतात: अंगावर घाम नाही, पापणी लवत नाही, हार कोमेजलेले नाहीत, धूळ चिकटलेली नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. खरा नळ ओळखू येतो तो त्याला घाम आलेला असतो, त्याच्या गळ्यातला हार सुकलेला असतो आणि त्याची सावली पडते म्हणून. इथली ओळखीची खूण वरून चिकटवलेली नाही. जे मरत नाहीत आणि थकत नाहीत, त्यांच्या मूळ प्रकृतीतूनच ती आलेली आहे. आपल्या पात्राची खूण ठरवताना हाच निकष लावावा. प्रत्येक रूपात डावा डोळा हिरवाच राहतो, असे लिहिणे सोपे आहे, पण त्यातून पात्राविषयी काहीच कळत नाही. याउलट, लहानपणी बुडता बुडता वाचलेली बाई कोणत्याही रूपात पाण्याच्या काठापासून चार पावले दूर चालते, ही खूण तिच्या आयुष्यातून आली आहे. ती रहस्य फुटण्यापूर्वी निदान दोनदा, सहज बोलल्यासारखी, वाचकाच्या नजरेखालून गेलेली असावी.

मृत्यूनंतर काय होते, हाही याच यादीतला प्रश्न आहे. वाल्मीकींचा मारीच बाण लागताच हरणाचे रूप टाकतो, पण मरताना रामाच्या आवाजात हाक मारतो. म्हणजे देह उघडा पडतो आणि कपट मात्र पुढे चालू राहते. घटोत्कच मरता मरता आपला देह प्रचंड वाढवतो आणि कोसळताना कौरवसेनेचा मोठा भाग चिरडतो. दोन वेगळे नियम, आणि त्यांतून दोन अगदी वेगळी कथानके. मेल्यावर घेतलेले रूप तसेच राहते, असा तिसरा नियम केला तर हेरगिरीच्या कथेत कोण मेले हेच कोणाला ठरवता येणार नाही.

आता वजनाकडे वळू, कारण बहुतेक रचना इथेच ढिल्या पडतात. सोनेरी गरुडाचे वजन साधारण 3 ते 6.5 किलो असते. 60 किलोचा माणूस गरुड झाला, तर उरलेले 54 किलो कुठे गेले? वजन कायम राहते म्हणावे, तर 60 किलोचा गरुड त्या पंखांवर उडणार नाही. मोठ्या रूपांची अडचण उलट्या बाजूने येते. गॅलिलिओने 1638 साली मांडल्याप्रमाणे एखादी आकृती सर्व बाजूंनी दुप्पट केली, की तिच्या हाडाचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट होते; म्हणून दहापट उंच माणूस माणसासारखाच दिसत असेल, तर त्याच्या मांडीचे हाड त्याला पेलणार नाही. यावर जादूने उत्तर देण्यात काहीही गैर नाही, मात्र ते उत्तर एकच असावे आणि त्याची किंमत दिसावी. सर्वांत कडक नियम म्हणजे वजन कायम ठेवणे: मग पात्राला लांडगा, बिबट्या, मोठे हरीण इतकीच रूपे उरतात, आणि मला स्वतःला हीच व्यवस्था अधिक आवडते, कारण उंदराच्या बिळातून पळण्याची सोय पहिल्या पानालाच बंद होते. दुसरा मार्ग असा, की जास्तीचे वजन कुठेतरी ठेवावे लागते आणि परत येऊन घ्यावे लागते. ती जागा शत्रूला सापडली की निम्मे कथानक तयार झाले.

कपड्यांचा प्रश्न एका वाक्यात, पण पहिल्याच रूपांतरात मिटवावा.

क्षमतांबाबत लेखक मिळकत मोजतात आणि तूट विसरतात. कुत्रा झालेल्या पात्राला वासाचे अफाट जग मिळते, पण लाल आणि हिरवा यांतला फरक जवळजवळ नाहीसा होतो; म्हणजे लाल झेंड्याची खूण ठरलेली असेल, तर ती त्याला कळणार नाही. घुबडाला अंधारात दिसते, पण त्याची बुबुळे खोबणीत फिरत नाहीत, त्यामुळे बाजूला पाहायचे तर सगळी मान वळवावी लागते आणि लपून न्याहाळणाऱ्याचे बिंग तिथेच फुटते. सापाला पापण्या नसतात आणि तो वास घेतो जिभेने. घोड्याला जवळजवळ सभोवार दिसते, मात्र नाकासमोरचा थोडा भाग दिसत नाही. प्रसंग पात्राच्या दृष्टीने लिहायचा असेल, तर प्रत्येक रूपासाठी एक मिळकत आणि एक तूट निवडावी आणि प्रसंगाचा निकाल तुटीमुळे लागू द्यावा.

आठवणीचा नियम ठरवताना कीटकांकडे पाहण्यासारखे आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुरवंटांना सौम्य विजेचे झटके देऊन एक विशिष्ट वास टाळायला शिकवले गेले. त्यांचे पतंग झाले तेव्हा, वाढीच्या शेवटच्या टप्प्यात शिकलेल्यांनी तो वास टाळला, लहान वयात शिकलेल्यांनी मात्र टाळला नाही. कोशात देहाची एवढी मोडतोड होऊनही काही आठवणी टिकतात आणि काही पुसल्या जातात. लांडग्याच्या रूपातून परतलेल्या पात्राला भीती आठवते पण चेहरे आठवत नाहीत, किंवा बालपण उरते आणि कालचा दिवस जातो, असा नियम यातून सहज सुचतो. रूपांतराचा वेळही इथेच ठरवावा: ऑक्टोपस क्षणार्धात रंग बदलतो, तर कोशातल्या किड्याला कित्येक दिवस असहाय पडून राहावे लागते. तुमचे पात्र या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते, यावर ते लढाईत रूप बदलेल की लपून, हे अवलंबून राहील.

एकट्या पात्राचे नियम ठरले की त्याच्या भोवतालचा समाज तपासावा. किंदम ऋषी हरणाच्या रूपात असताना पांडूच्या बाणाने मारले जातात, आणि मृगया हा राजाचा अधिकारच आहे, असा पांडूचा बचाव असतो. ज्या जगात हरीण माणूस असू शकते, तिथे शिकारीचे कायदे कसे असतील? साक्ष, लग्न, वारसा, सीमेवरची तपासणी यांपैकी निदान एका व्यवस्थेत रूप बदलणाऱ्यांच्या भीतीने आलेला नियम दाखवावा; सगळ्याच दाखवायला गेलात, तर कादंबरीची नियमावली होते.

शेवटी नियम एका पानावर लिहून ते पान दुसऱ्या कोणाला द्यावे आणि कथेतले सर्वांत मोठे संकट सांगून विचारावे, की या नियमांत राहून पात्र सर्वांत आळशी मार्गाने कसे सुटेल. जे उत्तर येईल, तो मार्ग नवा नियम घालून बुजवण्यापेक्षा आधीच्या एखाद्या नियमाची किंमत वाढवून महाग करावा, आणि ती वाढलेली किंमत पात्राने पहिल्या तीन प्रकरणांतच एकदा मोजलेली असावी.