कपोला, इंडक्शन आणि माझा प्रबंध

अभियांत्रिकी उद्योगांतील नवकल्पना आणि त्यांची शाश्वततेकडे होणारी वाटचाल हा माझ्या पीएचडीचा विषय ठरला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लोखंड वितळवून साच्यांत ओतणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्री होत्या. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांतील अनेक फाउंड्री कोकवर (दगडी कोळशापासून केलेल्या इंधनावर) चालणाऱ्या कपोला भट्टीकडून विजेच्या इंडक्शन फर्नेसकडे वळल्या आहेत. या एका बदलाचा अभ्यास करताना जे हाती लागले, ते या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

माझी पहिली प्रश्नावली एका समजुतीवर उभी होती: कपोला म्हणजे जुने आणि धुराचे, इंडक्शन म्हणजे नवे आणि स्वच्छ. एका मालकांनी ती वाचली आणि हीट रजिस्टर, म्हणजे भट्टीतील प्रत्येक वितळणीची नोंदवही, माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "भट्टी बदलली ती एसजी आयर्नसाठी. पर्यावरणाचं नंतर बघितलं." कोकमधील गंधक वितळलेल्या लोखंडात उतरते, आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या प्रकारामध्ये ग्राफाइटला गोल आकार यावा म्हणून जे मॅग्नेशियम घालतात, ते या गंधकाशी संयोग पावून वाया जाते. वाहन उद्योगातील ग्राहकांना मात्र प्रत्येक हीटची रासायनिक घडण ठरलेल्या मर्यादेतच हवी असते. त्या फाउंड्रीतील बदलामागे धोरणापेक्षा ग्राहकाची मागणी अधिक होती, आणि माझ्या प्रश्नावलीत त्यासाठी रकानाच नव्हता.

मग कर्बवायूचा हिशेब मांडला. आठ भाग धातूला एक भाग कोक धरला, तर एक टन लोखंडामागे १२५ किलो कोक जळतो आणि त्यातून सुमारे ३९० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. इंडक्शनला टनामागे ६०० युनिट वीज लागते असे मानले आणि देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन धरले, तर आकडा ४२० किलोवर जातो. कामगारांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला ही मोलाची गोष्ट आहे, परंतु कर्बवायूपुरते पाहिले तर धुराडे औष्णिक वीज केंद्रावर गेले, एवढेच. हिशेबाची सीमा कारखान्याच्या कुंपणावर आखायची की वीज केंद्रापर्यंत न्यायची, हे संशोधकाने आधी ठरवावे आणि स्पष्ट लिहावे.

सिद्धान्ताची ओळख अर्थातच हवी. नवकल्पनांचे अभ्यासक फ्रँक गील्स यांनी २००२ मध्ये मांडलेली तंत्रज्ञानातील स्थित्यंतरांची बहुस्तरीय चौकट बहुतेकांना प्रथम वाचावी लागते: अंकुरणाऱ्या नवकल्पना, रुळलेली व्यवस्था आणि बाहेरून येणारा व्यापक दाब. युरोपीय संघाचा कर्बसीमा-कर (आयात मालाच्या कर्ब उत्सर्जनावरील आकार) हा अशा बाह्य दाबाचे ताजे उदाहरण आहे. मात्र ही चौकट भट्टीवर जशीच्या तशी बसवू नये. दुहेरी झोताच्या कपोलात हवा नळ्यांच्या दोन ओळींतून सोडतात, वरच्या ओळीतील हवेने कार्बन मोनॉक्साइड जळतो आणि कोक साधारण चतुर्थांशाने वाचतो. 'टेरी' या ऊर्जा-संशोधन संस्थेने १९९८ मध्ये हावड्यात अशी भट्टी प्रात्यक्षिकासाठी उभारली. हा जुन्याच यंत्रातील सुधार आहे. नव्याने जुन्याला हटवल्याच्या कथानकात तो बसत नाही, आणि म्हणूनच मला तो अधिक अभ्यासनीय वाटतो.

शिक्षणासाठी आयआयटी मुंबईतील धोरण अभ्यास केंद्र, जेएनयूतील विज्ञान धोरण केंद्र, तसेच परदेशात ससेक्स आणि उट्रेख्त येथील विद्यापीठे पाहावीत. अभियांत्रिकीची पदवी असलेल्यांनी मुलाखतीचे शास्त्र आणि समाजशास्त्रांतून आलेल्यांनी द्रव्य-ऊर्जा संतुलनाचे गणित प्रवेशापूर्वीच शिकून घ्यावे. हीट चालू असताना भट्टी सांभाळणाऱ्या मेल्टरला प्रश्न विचारू नयेत. धातू ओतून झाल्यावर तो स्वतःहून बोलतो.

माझा हिशेब मी मराठीत, एका पानावर, त्या मालकांना नेऊन दिला. त्यांनी कोकचा माझा आकडा खोडून शेजारी रजिस्टरमधील आकडा लिहिला, आणि त्यांच्या फाउंड्रीच्या प्रकरणात तोच छापला गेला.