कार्ट्रिज घरी भरताना

इंकजेट प्रिंटरचं कार्ट्रिज घरी भरायचं असेल तर ते पूर्ण कोरडं होण्याची वाट पाहू नका. छपाई फिकट दिसू लागली की लगेच भरा. बऱ्याच कार्ट्रिजना प्रिंट हेड, म्हणजे नोझल नावाच्या बारीक छिद्रांतून कागदावर शाई सोडणारा भाग, खालीच जोडलेलं असतं. आतला स्पंज वाळला की शाई नोझलमध्ये सुकते आणि मग कितीही भरली तरी रेघा येतच राहतात.

शाई आपल्या मॉडेलचीच घ्या. काळी शाई पुष्कळदा पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) आणि रंगीत डायची (विरघळलेल्या रंगाची) असते. ही दोन्ही एकमेकांत मिसळली तर नोझल चोंदू शकतं.

वरचं लेबल सोलल्यावर भोकं दिसतात. रंगीत कार्ट्रिजमध्ये प्रत्येक भोकात वेगळी टूथपिक बुडवून रंग आधी ओळखा, अंदाजाने सुई घालू नका. सिरिंजची सुई स्पंजात खोलवर नेऊन शाई अगदी सावकाश सोडा. घाई केली की स्पंजात हवा अडकते. भोकाच्या तोंडाशी शाई चमकली की थांबा, आणि थोडी वर आलीच तर तेवढी परत ओढून घ्या.

मग ओलसर टिश्यू पेपरवर नोझल हलकेच टेका. सगळे रंग स्वच्छ उमटले म्हणजे काम झालं. हवेची भोकं टेपने गच्च बंद करू नका, नाहीतर शाई खाली उतरत नाही. भरल्यावरही प्रिंटर 'शाई संपली' म्हणत राहू शकतो, कारण बरेच प्रिंटर शाई मोजत नाहीत, छापलेल्याचा हिशेब ठेवतात. हेड क्लीनिंग, म्हणजे प्रिंटरनेच शाई सोडून नोझल साफ करणं, मात्र गरजेपुरतंच करा. त्यातच बरीच शाई वाया जाते.